'अनलिमिटेड' रोमिंगची लिमिट कुठे असते?

आजचा विषय माझ्याच चुकीतून आलाय.

मागच्या वर्षी आई-बाबा ताईच्या बाळंतपणासाठी म्युनिकला गेले. रोमिंग प्लॅन मीच निवडला होता, 'अनलिमिटेड डेटा' असं ठळक लिहिलेला. एके दिवशी बाबांनी मरिएनप्लाट्झमधून अर्ध्या साताऱ्याला व्हिडिओ कॉल करून चौक दाखवला. संध्याकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला, "अरे, स्टेशनवर उभे आहोत, नकाशा उघडतच नाहीये." आणि मी, बीटेक झालेला इंजिनिअर, पुण्यात बसून त्यांना फोन रीस्टार्ट करायला सांगत होतो! फोन ठीक होता. प्लॅनच्या अटी मी वाचल्या नव्हत्या.

तर अशा बहुतेक प्लॅनमध्ये 'फेअर युसेज पॉलिसी' असते. ठरावीक जीबी पूर्ण वेगाने मिळतात, मग वेग उतरतो, बऱ्याचदा १२८ केबीपीएसवर. इथे 'बी' म्हणजे बिट, बाइट नाही. आठने भागा: सेकंदाला १६ किलोबाइट. ५ एमबीचा एक फोटो यायला पाच मिनिटं! या वेगाने चोवीस तास अखंड डाउनलोड केलं, तरी दिवसाला साधारण १.४ जीबीच होतात. म्हणजे डेटा बंद होत नाही हे खरं, पण लिमिट आहेच. ती फक्त जीबीत न लिहिता वेगात लपवलीय.

कंपन्या असं का करतात? कारण परदेशात तुमचा फोन तिथल्या कंपनीचं नेटवर्क वापरतो, आणि त्या वापराचे पैसे आपली कंपनी तिला घाऊक दराने देते. तुमच्याकडून घेतलेली रक्कम मात्र ठरलेली.

युरोपियन युनियनमध्ये हे गणित उघड आहे. तिथल्या रहिवाशांसाठी २०१७ पासून सदस्य देशांत रोमिंगला सहसा जादा पैसे नाहीत. पण घरी अनलिमिटेड असलेल्या प्लॅनलाही रोमिंगमध्ये मर्यादा घालता येते. सूत्र असं: प्लॅनची करपूर्व किंमत भागिले घाऊक दराची कमाल मर्यादा, गुणिले दोन. २०२५ साली ही मर्यादा जीबीमागे १.३० युरो होती. म्हणजे २६ युरोच्या प्लॅनवर किमान ४० जीबी. आपल्या भारतीय सिमला हा नियम लागू नाही, पण हिशोबाचं तत्त्व तेच.

अजून एक गंमत. रोमिंगमध्ये तुमचा डेटा बऱ्याचदा आधी भारतातल्या गेटवेवर येतो आणि तिथून इंटरनेटवर जातो. म्युनिकमधल्या सर्व्हरशी बोलायलाही भारताची फेरी! त्यामुळे वेग न उतरताही नेट सुस्त वाटू शकतं.

मग प्लॅन घेताना काय बघायचं? पूर्ण वेगाचे जीबी किती, ते रोजचे की एकूण, नंतरचा वेग किती, हॉटस्पॉट चालतो का, आणि तुमचा देश यादीत आहे का. नकाशा आणि तिकिटं निघण्याआधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. व्हिडिओ कॉल वायफायवर.

बाबा आता प्रत्येक रिचार्जआधी मला विचारतात, "अटी वाचल्यास ना?"

वाचतो हो. भेटूया पुढच्या भागात!