बैठक संपावी ती निर्णयाने

वर्ध्याजवळ धाम नदीच्या काठी, पवनारला, विनोबा भावे यांनी 1959 साली ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. बहिणींच्या या आश्रमात कोणी प्रमुख नाही. शेती, स्वयंपाक, सफाई, प्रकाशन ही कामे वाटून घ्यायची आणि सामूहिक निर्णय सर्वसंमतीने करायचे, ही तिथली रीत. बहुमताने ठराव रेटण्याची सोयच नसल्याने प्रत्येकीचे ऐकून घेणे भाग पडते.

शाळा, पतसंस्था किंवा कार्यालयात शेवटचा शब्द प्रमुखाचाच असतो. तरीही सर्वसंमतीच्या कार्यपद्धतीतले बरेच काही आपल्या स्टाफ मिटिंगला जसेच्या तसे लागू पडते.

अभ्यास आधी, निर्णय नंतर. विनोबांच्या ग्रामदान विचाराशी नाते सांगणारे गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा) गावही सर्वसंमतीने चालते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात माहिती गोळा करून उलटसुलट चर्चा होते, पण निर्णय होत नाही. तो ग्रामसभेत होतो. आपल्या बैठका लांबतात त्या इथेच. आकडे पहिल्यांदा बैठकीतच दिसतात, मग अर्धा वेळ कागद समजून घेण्यात जातो. म्हणून दोघा-तिघांनी विषय आधी तपासावा आणि एका पानाचे टिपण दोन दिवस अगोदर सर्वांना द्यावे.

विषय प्रश्नाच्या रूपात लिहा. विषयपत्रिकेवर नुसते ‘स्नेहसंमेलन’ लिहिले, तर मागच्या वर्षीच्या मांडवापासून गप्पा सुरू होतात. त्याऐवजी ‘स्नेहसंमेलन डिसेंबरात घ्यायचे की जानेवारीत, आणि खर्चाची मर्यादा किती?’ असे लिहा. उत्तर मिळाले की विषय संपला, हे सगळ्यांना कळते. ज्यात विचारण्यासारखे काही नाही, ती सूचना फलकावर लावा. ‘ऐनवेळचे विषय’ खरोखर तातडीचे असतील तरच घ्या, बाकीचे पुढच्या बैठकीला.

फेरी कनिष्ठांपासून सुरू करा. साहेबांनी आधी मत दिले की बाकीचे माना डोलावतात. म्हणून सर्वांत नव्या सहकाऱ्याने आधी बोलावे, प्रमुखांनी सर्वांत शेवटी. प्रत्येकाला दोन मिनिटे द्यावीत आणि मध्ये कोणी तोडू नये. लिपिक आणि शिपाई यांनाही बैठकीला बोलवावे, कारण निर्णय अमलात आणताना पहिली अडचण बहुधा त्यांनाच येते.

विरोधाचे कारण विचारा. कोणी ‘नको’ म्हटले, तर ‘काय बदलले तर चालेल?’ असे विचारावे. पुष्कळदा विरोध तारखेला किंवा कामाच्या वाटणीला असतो, मूळ कल्पनेला नसतो. घाई नसेल तर विषय एक बैठक पुढे ढकलावा. घाई असेल तर प्रमुखांनी निर्णय द्यावा, पण विरोधी मत कारणासह इतिवृत्तात नोंदवावे.

सर्वसंमतीलाही मर्यादा आहे. जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनात उतरायचे की नाही, यावरून 1974 साली विनोबांच्या सर्वोदय चळवळीतील सर्व सेवा संघात दोन तट पडले. तेव्हा सत्य, अहिंसा आणि संयम सांभाळून ज्याने त्याने आपल्या मार्गाने काम करावे, असा तोडगा विनोबांनी सुचवला. तरीही दुरावा मिटला नाही. मूळ दिशेवरच मतभेद असेल, तर नुसती बैठक तो मिटवू शकत नाही.

इतिवृत्त तिथेच लिहा. ‘सविस्तर चर्चा झाली’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘मंडपाची तीन दरपत्रके सांस्कृतिक विभागप्रमुख 20 तारखेपर्यंत आणतील’ असे लिहावे. काय, कोण, कधीपर्यंत, ही तीन उत्तरे प्रत्येक ठरावात हवीत. उठण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवावेत, म्हणजे समजुतीतला फरक जागीच दूर होतो. पुढची बैठक याच यादीपासून सुरू करावी: झालेली कामे खोडायची, राहिलेल्यांचे कारण विचारायचे.

हे सगळे एकदम जमणार नाही. पुढच्या बैठकीपुरते एवढे करा: प्रत्येक विषय प्रश्नाच्या रूपात लिहा आणि ज्याचा प्रश्नच होत नाही, तो विषयपत्रिकेतून काढून टाका. सहकाऱ्यांचा वेळ आपण उसना घेतलेला असतो. तो निर्णयाच्या रूपाने परत करणे हे बैठक बोलावणाऱ्याचे कर्तव्य आहे.