उत्तर नको, दुवे दाखवा

२०२५ च्या जानेवारीत इंटरनेटवर एका अजब युक्तीची चर्चा झाली. गूगलवर काही शोधताना प्रश्नात एक सणसणीत इंग्रजी शिवी घातली, की पानाच्या डोक्यावर झळकणारा एआयचा सारांश गायब व्हायचा. सारांश लिहिणाऱ्या यंत्राला बहुधा सोवळं पाळायला शिकवलेलं असल्यामुळे अपशब्द दिसला की ते गप्प बसायचं आणि खाली जुन्या पद्धतीचे दुवे तेवढे उरायचे. तंत्रज्ञानाच्या बातम्या देणाऱ्यांनी ही युक्ती मिटक्या मारत छापली, लोकांनी करूनही पाहिली. पण एखादी सोय नको असेल तर ती बंद करण्यासाठी माणसाला शिवीगाळ का करावी लागावी?

कारण ती बंद करायचं बटणच गूगलने दिलेलं नाही.

‘एआय ओव्हरव्ह्यू’ या नावाचं हे प्रकरण १४ मे २०२४ रोजी अमेरिकेत सर्वांसाठी सुरू झालं. भारतात ते त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलं, इंग्रजी आणि हिंदीत. त्याआधी वर्षभर ते ‘सर्च लॅब्ज’ नावाच्या प्रयोगाच्या कोपऱ्यात होतं आणि ज्याला हवं तो हौसेने चालू करून बघत असे. त्या कोपऱ्यातलं बटण अनेकांना आठवतं, म्हणून ते तिथे जातात, बटण बंद करतात आणि दुसऱ्या मिनिटाला सारांश पुन्हा हजर! लॅब्जमधलं बटण फक्त प्रयोगापुरतं असतं. मुख्य सारांश हा सर्चचाच भाग असून तो बंद करता येत नाही, असं गूगलचं मदतपान स्पष्ट सांगतं.

सुरुवातीच्या दिवसांतल्या फजितीचे किस्से आता जुने झाले. पिझ्झावरचं चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक मिसळा, हा सल्ला यंत्राने रेडिटवरच्या अकरा वर्षांपूर्वीच्या एका थट्टेतून उचलला होता. रोज एक छोटा दगड खावा, हे आरोग्यज्ञान ‘द अनियन’ या विडंबनपत्रातून आलं होतं. गूगलच्या सर्च विभागाच्या प्रमुख लिझ रीड यांनी मे २०२४ च्या अखेरीस खुलासा केला, काही दुरुस्त्या जाहीर केल्या आणि गाडी पुढे निघाली.

हे वाचून हसायला येतं, कारण दगड कुणी खात नाही. खरा घोळ होतो तो पटण्यासारख्या चुकांमुळे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. ते बोइंग ७८७ होतं. दुर्घटनेनंतर माहिती शोधणाऱ्या काहींना गूगलच्या सारांशात मात्र ते एअरबसचं विमान असल्याचं वाचायला मिळालं. त्याच प्रश्नाला दुसऱ्या कुणाला बोइंग हे बरोबर उत्तर मिळत होतं, तर तिसऱ्याला दोन्ही नावांची खिचडी. नंतर गूगलने ते उत्तर हाताने काढून टाकलं. अपघाताच्या बातम्यांमध्ये बोइंगची स्पर्धक म्हणून एअरबसचं नाव येतच असतं; यंत्राची गफलत बहुधा तिथेच झाली असावी. ते पानं शोधून आणतं आणि त्यांतल्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द जुळवत वाक्यं रचतं. वाक्य सफाईदार होतं, खरं होईलच असं नाही. आणि एकच प्रश्न दोघांनी विचारला तर दोन वेगळी वाक्यं तयार होऊ शकतात, म्हणजे ‘तू काय वाचलंस ते मला दाखव’ म्हणायचीही सोय उरत नाही.

दुसरं उदाहरण आपल्याकडच्या कुणालाही लगेच कळेल असं. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अमेरिकेतल्या एका ग्राहकाची हकीगत छापली. त्याला एका क्रूझ कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक हवा होता. गूगलच्या सारांशात क्रमांक मिळाला, त्याने फोन लावला, पलीकडचा माणूस सगळी माहिती असल्यासारखा बोलला, आणि तो ठग निघाला. ठगांनी आपले क्रमांक बऱ्याच संकेतस्थळांवर कंपनीच्या नावासह पेरून ठेवलेले असतात. यंत्र ते वेचतं आणि नीटनेटक्या वाक्यात बसवतं. खोट्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकांनी भारतात किती जणांची खाती रिकामी केली, हे १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करण्याची वेळ आलेल्यांना वेगळं सांगायला नको. पूर्वी निदान तो क्रमांक कुठल्या तरी भलत्याच नावाच्या संकेतस्थळावर दिसायचा आणि पाहणाऱ्याला शंका यायची. आता तो गूगलच्या अक्षरांत, गूगलच्या चौकटीत दिसतो.

आरोग्याचंही तेच. जानेवारी २०२६ मध्ये ‘द गार्डियन’ने यकृताच्या रक्तचाचण्यांबद्दलचे दिशाभूल करणारे सारांश उघडकीस आणले. सारांशात आकड्यांची मर्यादा होती, पण रुग्णाचं वय, लिंग यांचा विचार नव्हता. बातमीनंतर त्यातले काही सारांश हटवण्यात आले.

मग बटण का नाही? एक कारण आकड्यांत दिसतं. प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मध्ये सुमारे ९०० अमेरिकन प्रौढांचा इंटरनेटवरचा वावर तपासला. सारांश दिसला तेव्हा फक्त ८ टक्के वेळा लोकांनी खालच्या नेहमीच्या दुव्यावर क्लिक केलं. सारांश नसताना हेच प्रमाण १५ टक्के होतं. खुद्द सारांशात दिलेल्या स्रोतांवर क्लिक होण्याचं प्रमाण? १ टक्का. म्हणजे माणूस गूगलवर येतो, वाचतो आणि तिथूनच परत जातो. ज्यांच्या पानांवरून मजकूर उचलला, त्यांच्या दारापर्यंत तो पोहोचतच नाही. ‘रोलिंग स्टोन’ची मालक असलेल्या पेन्स्के मीडियाने सप्टेंबर २०२५ मध्ये याच कारणावरून गूगलला कोर्टात खेचलं आणि डिसेंबरमध्ये युरोपीय आयोगाने चौकशी सुरू केली. सारांशामुळे लोक अधिक शोध घेतात आणि चांगल्या दर्जाच्या क्लिक मिळतात, अशी गूगलची बाजू आहे. ती मान्य केली तरी बटण न देण्याचा खुलासा तीतून होत नाही. बंद करणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे म्हणावं, तर तेही नाही. बिनसारांशाचं पान गूगलकडे तयार आहे. फक्त ते समोर ठेवलेलं नाही.

हे पान म्हणजे ‘वेब’ टॅब. शोध घेतल्यावर ‘इमेजेस’, ‘न्यूज’, ‘व्हिडिओज’ या ओळीत तो असतो, बहुतेकदा ‘मोअर’च्या पोटात दडलेला. मे २०२४ मध्ये, सारांश ज्या आठवड्यात आला त्याच आठवड्यात, हा फिल्टरही आला. त्यावर क्लिक केलं की नुसते दुवे येतात. त्या वेळी वरच्या पत्त्याच्या पट्टीकडे पाहिलं तर भल्यामोठ्या पत्त्यात एक छोटा तुकडा सापडतो: यूडीएम, बरोबरचं चिन्ह, १४. गूगलच्या अंतर्गत हिशेबात यूडीएम २ म्हणजे चित्रं, ५० म्हणजे गप्पा मारणारा ‘एआय मोड’ आणि १४ म्हणजे साधं वेब. या चौदाचा बोलबाला इतका झाला, की एर्नी स्मिथ या अमेरिकन पत्रकाराने त्याच नावाचं संकेतस्थळ काढलं. तिथे प्रश्न टाकला की तो हा तुकडा जोडून गूगलकडे पाठवला जातो. एवढंच.

हाच तुकडा ब्राउझरला कायमचा शिकवता येतो. संगणकावरच्या क्रोममध्ये सेटिंग्ज उघडून ‘सर्च इंजिन’मध्ये जायचं आणि सर्च इंजिनांची व्यवस्था पाहणारं पान उघडायचं. तिथे ‘साइट सर्च’समोर ‘अ‍ॅड’चं बटण आहे. तीन रकाने येतात. पहिल्यात नाव, काहीही चालेल. दुसऱ्यात शॉर्टकट, समजा डब्ल्यू. तिसऱ्यात गूगलच्या शोधपानाचा पूर्ण पत्ता रोमन लिपीत: नेहमीच्या गूगल डॉट कॉमनंतर तिरकी रेघ, सर्च, प्रश्नचिन्ह, क्यू, बरोबरचं चिन्ह, मग टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून छोटा एस, पुढे ‘अँड’चं चिन्ह आणि यूडीएम बरोबर १४. टक्का आणि एसची जोडगोळी महत्त्वाची, कारण आपण जे टाइप करू ते ब्राउझर तिथे भरतो; ती विसरली तर प्रत्येक वेळी रिकामा शोध होतो. सेव्ह करून त्या नावापुढच्या तीन टिंबांवर ‘मेक डिफॉल्ट’ म्हटलं की काम झालं. एजची वाट जवळपास अशीच आहे. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही स्वतःचं सर्च इंजिन जोडता येतं आणि तिथेही हाच पत्ता लागतो.

फोनवरचं क्रोम मात्र हट्टी. त्यात असा पत्ता हाताने भरायची सोय नाही. म्हणून ‘टेन ब्लू लिंक्स’ नावाच्या संकेतस्थळाने पळवाट काढली. ते पान एकदा उघडायचं, गूगलवर एखादा शोध घ्यायचा आणि मग सर्च इंजिनाच्या सेटिंग्जमध्ये अलीकडे भेट दिलेल्यांच्या यादीतून त्याची निवड करायची.

काही जण सारांश लपवणारं एक्सटेन्शन टाकतात. उपाय चालतो, पण उघडलेली पानं वाचण्याची परवानगी एका अनोळखी माणसाच्या कोडला द्यावी लागते. फुकटात चौदा लिहून काम होत असताना हा सौदा महागच. प्रश्नाच्या शेवटी उणे चिन्ह आणि एआय ही अक्षरं जोडण्याचा तोडगाही फिरत असतो. तो कधी चालतो, कधी नाही. शिवाय एआय हा शब्द असलेली कामाची पानंही त्याने गळतात.

‘वेब’च्या साध्या पानाची किंमतही मोजावी लागते. सामना चालू असताना संघाचं नाव टाकलं की वर येणारा धावफलक, डॉलरचा रुपयांतला भाव, हवामान, कॅल्क्युलेटर, नकाशाचा तुकडा हे सगळं सारांशासोबतच जातं. ज्याला हे लागतं त्याने चौदाला डिफॉल्ट न करता नुसता शॉर्टकट ठेवावा. मग पत्त्याच्या पट्टीत डब्ल्यू, टॅबचं बटण आणि प्रश्न, एवढं टाइप केलं की साधे दुवे; एरवी नेहमीचं गूगल.

इतर ठिकाणी बटण मिळतं. डकडकगो सेटिंग्जमध्येच विचारतं, की एआयची उत्तरं कधीच नकोत, मागितल्यावर हवीत की वरचेवर हवीत. ब्रेव्ह सर्चमध्येही ती बंद होतात. कागी हे पैसे देऊन वापरायचं सर्च इंजिन, तिथे झटपट उत्तर हवं असेल तर प्रश्नामागे प्रश्नचिन्ह लावायचं, नाहीतर फक्त दुवे. ग्राहक पैसे मोजतो तिथे नकाराची सोय चटकन होते, असं म्हणावं तर डकडकगो आणि ब्रेव्ह दोन्ही फुकट आहेत. ब्राउझरमधलं एआय आणि शोधपानातलं एआय यांची गल्लत मात्र करू नये. फायरफॉक्समध्ये आता एआयच्या सोयी एका फटक्यात बंद करणारं बटण आहे, पण ते फायरफॉक्सच्या स्वतःच्या सोयींपुरतं; गूगलच्या पानावर गूगल काय छापतं, याच्याशी त्याचा संबंध नाही.

आणि चौदा लावल्यावर दुवे खरे होतात, असंही नाही. ठगाचा क्रमांक साध्या यादीतही पहिला येऊ शकतो. फक्त तो कुणाच्या पानावर आहे, हे तिथे दिसतं. बँकेचा क्रमांक हवा असेल तर गूगलवर जाऊच नये. तो डेबिट कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो.