तासाभराचं एक गाणं आणि त्यानंतरची वीस वर्षं

२० एप्रिल २०१८. कॅलिफोर्नियातल्या 'स्लीप' या बँडचा 'द सायन्सेस' हा अल्बम आला. आदल्या दिवशी घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवशी अल्बम लोकांच्या हातात होता. तारीख मुद्दाम धरलेली, कारण अमेरिकेत गांजा ओढणाऱ्यांचा तो सणच. गाण्यांची नावंही त्याच वळणाची आहेत. तेवढ्यावरून अनेक जण स्लीपला नशेखोरांचं खूळ समजून सोडून देतात आणि मला तो या वादकांवर अन्याय वाटतो. संथ लयीवर इतकी निष्ठा ठेवणारे आणि तिची किंमतही मोजणारे रॉकमध्ये फार थोडे झाले.

या संगीताचं मूळ बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात आहे. तिथे काम करताना गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो हाच हात. प्लॅस्टिक वितळवून त्यानं बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे 'ब्लॅक सॅबथ' या आपल्या बँडच्या १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बमात बऱ्याच गाण्यांसाठी तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या. तारा सैल झाल्या, आवाज खर्जात गेला. डूम आणि स्टोनर या रॉकच्या संथ शैलींचा सगळा डोलारा त्या जड, घुमणाऱ्या आवाजावर उभा आहे.

स्लीप १९९० मध्ये सॅन होजेत सुरू झाला. बास आणि गायन अल सिस्नेरोस, गिटार मॅट पाइक, ड्रम्स ख्रिस हाकियस. 'होली माउंटन' या अल्बमनं त्यांचं नाव झालं आणि 'लंडन रेकॉर्ड्स' या बड्या कंपनीनं त्यांना करारबद्ध केलं. कंपनीला गाणी हवी होती. यांनी १९९६ मध्ये रेकॉर्ड केलं ते एकच गाणं, तासाभराहून जास्त लांबीचं! एका टेपवर ते मावणं शक्यच नव्हतं, म्हणून तुकड्यातुकड्यांनी वाजवून जोडलं.

'डोपस्मोकर' नावाचं हे गाणं नीट ऐकायला हवं. सुरुवातीला नुसती गिटार, एकेक सूर ताणत, गुरगुरत. मग बास आणि ड्रम्स येऊन मिळतात. गळा उघडायला आठ मिनिटं उलटून जातात आणि येतो तोही गाण्यासारखा नाही, एका पट्टीत म्हटलेल्या पाठासारखा. कथा वाळवंटातून नाझरेथकडे निघालेल्या तांड्याची. रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरावट, तीच, पण दर आवर्तनात हाकियस झांजेवरचा आघात जरा हलवतो, भरणा बदलतो. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला हे परकं वाटू नये: घाई सोडली की बारीकसा फरकही मोठा होऊन ऐकू येतो.

कंपनीला हे विकायचं कसं ते कळेना. तिनं ते काढलंच नाही आणि या रस्सीखेचीत बँड फुटला. १९९९ मध्ये 'जेरुसलेम' या नावानं एक छाटलेली आवृत्ती सहा भागांत निघाली. पूर्ण लांबीचं 'डोपस्मोकर' २००३ मध्ये 'टी पी रेकॉर्ड्स'नं काढलं, तेव्हा बँड अस्तित्वातच नव्हता.

मधली वर्षं मात्र वाया गेली नाहीत. पाइकनं 'हाय ऑन फायर' काढून वेगाचा रस्ता धरला; त्या बँडला २०१९ मध्ये ग्रॅमीही मिळालं. सिस्नेरोस आणि हाकियस यांनी 'ओम' हा बँड केला, सुरुवातीला गिटारशिवाय, नुसता बास आणि ड्रम्स. हाकियस बँड सोडून गेल्यावर आलेल्या २००९ च्या 'गॉड इज गुड'मध्ये तर तंबोरा आहे, आणि तो शोभेला ठेवलेला नाही. सिस्नेरोसचा बास त्या अखंड षड्जाला धरून चालतो. त्याच वर्षी स्लीप इंग्लंडमध्ये पुन्हा एकत्र वाजला. पुढे ड्रम्सवर 'न्यूरोसिस' या बँडचा जेसन रोडर आला आणि २०१४ मध्ये 'द क्लॅरिटी' हे सुटं गाणं निघालं.

हे सगळं माहीत असलं की 'द सायन्सेस' वेगळा ऐकू येतो. इतक्या वर्षांनी एकत्र आलेले बँड बहुधा जुन्याच आठवणी विकतात. इथे तसं झालेलं नाही. 'सॉनिक टायटन' हे जुनं, आधी फक्त मैफलीतलं गाणं आहे खरं, पण आता ते भरीव आणि ठाम झालंय. 'गिझा बटलर' हा सॅबथच्या बासवादकाला, गीझर बटलरला, केलेला नमस्कार. त्यात सिस्नेरोसचा बास गिटारच्या मागे न धावता स्वतःच्या वाटेनं चालतो. ही चाल ओमची आहे. पाइकची एकल गिटार आता जास्त धीट आहे, 'हाय ऑन फायर'मध्ये कमावलेली. रोडरचा हात हाकियसपेक्षा जड. ती जुनी डुलकी थोडी हरवली आहे, हे मान्य करायलाच हवं. शेवटचं 'द बोटॅनिस्ट' शब्दांविना वाजतं आणि मला या अल्बममधलं ते सर्वांत आवडतं.

नव्यानं ऐकणाऱ्यांनी मी म्हणेन 'द सायन्सेस'पासूनच सुरुवात करावी. त्रेपन्न मिनिटांत सहा गाणी, श्वास घ्यायला जागा आहे. मग एखाद्या मोकळ्या दुपारी 'डोपस्मोकर' लावावं. २०१२ ची 'सदर्न लॉर्ड' या कंपनीची आवृत्ती मिळाली तर उत्तम, तिच्यात आवाज जास्त स्वच्छ आहे. फोन बाजूला ठेवावा आणि मध्ये थांबवू नये.