चित्रफीत अंकीकरण, घरगुती

घरगुती कॅमकॉर्डरने (कॅमेरा व मुद्रक एकत्र असलेल्या हाती धरावयाच्या साधनाने) चुंबकीय फितीवर मुद्रित केलेल्या चलत्‌चित्राचे व ध्वनीचे संगणकाच्या साहाय्याने अंकीय माहितीत रूपांतर करणे आणि ती माहिती डीव्हीडी तबकडीवर वा अन्य संचयन माध्यमावर साठविणे, या क्रियेस घरगुती चित्रफीत अंकीकरण म्हणतात. सु. १९८५ ते २००५ या काळातील लग्न, मुंज, बारसे, गावची जत्रा, शाळेचे स्नेहसंमेलन इ. प्रसंगांची चलत्‌चित्रे प्रामुख्याने अशा फितींवर आहेत. त्यांतील पुष्कळ फितींची एकच प्रत असते आणि हयात नसलेल्या व्यक्तींचा आवाज व हालचाल यांचा तोच एकमेव पुरावा असतो. फीत व ती वाचणारे यंत्र ही दोन्ही नाशवंत असल्याने या क्रियेला केवळ सोयीपेक्षा अधिक महत्त्व आहे.

फितींचे प्रकार : व्यवहारोपयोगी चित्रफीत मुद्रक अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये प्रथम सादर केला. घरगुती वापरासाठी सोनी कंपनीची बीटामॅक्स (१९७५) व जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस (१९७६) या पद्धती आल्या. व्हीएचएस फितीची रुंदी सु. १२·७ मिमी. असते. ८ मिमी. रुंदीच्या फितीवरील व्हिडिओ-८ ही पद्धत १९८५ मध्ये, तर तिची सुधारित आवृत्ती हाय-८ ही १९८९ मध्ये प्रचारात आली. या सर्व पद्धतींत संकेत सदृश (अखंड बदलणाऱ्या) स्वरूपात मुद्रित होतो. १९९५ मध्ये आलेल्या डीव्ही पद्धतीत ६·३५ मिमी. रुंदीच्या फितीवर प्रथमपासूनच अंकीय मुद्रण केले जाते. १९९९ मधील डिजिटल-८ या पद्धतीत अंकीय मुद्रणासाठी ८ मिमी. फीत वापरली गेली. फीत कोणत्या प्रकारची आहे, यावर तिच्या अंकीकरणाची रीत अवलंबून असते.

सदृश मुद्रणाचे स्वरूप : भारतात वापरलेल्या पाल पद्धतीत चित्र ६२५ रेषांचे असून सेकंदाला २५ पूर्ण चित्रे दाखविली जातात. प्रत्येक चित्र विषम व सम रेषांच्या दोन अर्धचित्रांत विभागलेले असते. व्हीएचएस यंत्रात ६२ मिमी. व्यासाचे दंडगोलाकार शीर्ष सेकंदाला २५ फेरे घेते व सावकाश सरकणाऱ्या फितीवर तिरपे पट्टे उमटविते. दर पट्ट्यात एक अर्धचित्र असते. फीत स्वतः सेकंदाला केवळ सु. २·३४ सेंमी. सरकते, तथापि शीर्ष व फीत यांची सापेक्ष गती सेकंदाला जवळजवळ ५ मी. होते व त्यामुळेच उच्च कंप्रतांचे मुद्रण शक्य होते. चित्राच्या दीप्तीचा संकेत कंप्रता विरूपणाने नोंदला जातो, तर वर्णसंकेत कमी कंप्रतेवर उतरवून त्याच्याखाली बसविला जातो. यामुळे व्हीएचएस चित्राचा आडवा तपशील सु. २४० रेषांपुरताच मर्यादित राहतो. शीर्षाची गती किंवा फितीचा ताण यांत सूक्ष्म फरक पडला, तरी रेषा डावीउजवीकडे सरकून चित्राच्या उभ्या कडा थरथरताना दिसतात.

फितीची पूर्वतयारी : बऱ्याच वर्षांत न चालविलेली फीत प्रथम तपासावी लागते. कोकणासारख्या दमट प्रदेशात फितीच्या गुंडाळीच्या कडेवर पांढुरकी बुरशी वाढलेली आढळते. अशी फीत यंत्रात घातल्यास बुरशीचे बीजाणू शीर्षावर जाऊन पुढे चालविल्या जाणाऱ्या इतर फितींनाही त्यांचा संसर्ग होतो. म्हणून ती वेगळी ठेवून तज्ज्ञाकडून स्वच्छ करून घेणे इष्ट असते. फितीतील चुंबकीय कण पॉलिएस्टरच्या पट्टीवर बंधक द्रव्याने चिकटविलेले असतात. हवेतील आर्द्रतेने बंधकाचे जलीय विच्छेदन झाल्यास फीत चिकट होते व तिचा लेप सुटून शीर्षावर साचतो. निर्दोष दिसणारी फीत एकदा शेवटपर्यंत पुढे व परत मागे गुंडाळल्यास तिचा ताण सारखा होतो. चुकून पुनर्मुद्रण होऊ नये म्हणून व्हीएचएस पेटीची सुरक्षा-खुंटी मोडलेली आहे, याची खात्री करावी लागते.

संगणकाकडे हस्तांतर : सदृश फितीतील संकेत संगणकात घेण्यासाठी सदृश-अंकीय परिवर्तक लागतो. यंत्रास सोय असल्यास दीप्ती व वर्ण यांचे संकेत वेगवेगळ्या तारांनी नेणारी एस-व्हिडिओ जोडणी अधिक चांगली. एकाच तारेच्या संमिश्र जोडणीत हे दोन संकेत एकमेकांत मिसळून बारीक नक्षीवर नसलेले रंग उमटतात. वाटेत कालाधार सुधारक हे साधन जोडल्यास प्रत्येक रेषा तात्पुरती साठवून योग्य क्षणी सोडली जाते व कडांची थरथर नाहीशी होते.

परिवर्तनानंतर पाल चित्रात ७२० × ५७६ बिंदू मिळतात. दर बिंदूस सरासरी २ बाइट धरल्यास असंपीडित चित्राचा प्रवाह सेकंदाला सु. २·०७ कोटी बाइट, म्हणजे तासाला सु. ७५ गीगाबाइट होतो. डीव्ही पद्धतीत प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे संपीडित (आकारमान घटविलेले) असते व ध्वनी धरून तासाला सु. १३ गीगाबाइट पुरतात. संगणकाची तबकडी ४ गीगाबाइटपेक्षा मोठी संचिका न स्वीकारणाऱ्या जुन्या रीतीने आखलेली असेल, तर सु. २० मिनिटांनंतर मुद्रण तुटते.

डीव्ही व डिजिटल-८ फितींच्या बाबतीत परिवर्तनाची आवश्यकताच नसते. आयट्रिपलई १३९४ (फायरवायर) या जोडणीने फितीवरील अंक जसेच्या तसे संगणकात उतरविता येतात. त्यामुळे गुणवत्ता घटत नाही, इतकेच नव्हे तर कॅमकॉर्डरचे घड्याळ लावलेले असल्यास चित्रणाची तारीख व वेळही माहितीत सुरक्षित राहते. मात्र नव्या संगणकांत ही जोडणी सहसा नसल्याने जुना संगणक जपून ठेवणे श्रेयस्कर ठरते.

परदेशस्थ आप्तांकडून आलेल्या फितींविषयी विशेष दक्षता घ्यावी लागते. अमेरिका व कॅनडा येथील फिती एनटीएससी पद्धतीच्या (५२५ रेषा, सेकंदाला सु. ३० चित्रे) असतात. केवळ पाल संकेत वाचणाऱ्या यंत्रावर त्या नीट दिसत नाहीत. पण त्यावरून फीत खराब झाल्याचा निष्कर्ष काढून ती टाकून देणे चुकीचे होय.

संस्करण व डीव्हीडी निर्मिती : डीव्हीडीचे तांत्रिक संकेतमान १९९५ मध्ये ठरले व १९९६ मध्ये ती जपानात विक्रीस आली. १२ सेंमी. व्यासाच्या एकस्तरीय तबकडीची धारणशक्ती ४·७ गीगाबाइट असते. एक तासाची डीव्ही माहिती यात मावत नाही, म्हणून तिचे एमपेग-२ पद्धतीने पुन्हा संपीडन केले जाते. या पद्धतीत थोड्या चित्रांची संपूर्ण नोंद व मधल्या चित्रांतील केवळ बदलांची नोंद होते. तबकडीवर चित्रासाठी सेकंदाला कमाल ९८ लक्ष बिटांची मर्यादा आहे. एक तासाचे चित्रण या मर्यादेच्या जवळपास बसते. दोन तासांना ध्वनीसह सु. ५२ लक्ष, तर तीन तासांच्या व्हीएचएस फितीला अवघे सु. ३५ लक्ष बिट वाट्यास येतात. हलत्या हाताने घेतलेल्या, कणीदार चित्रणात प्रत्येक चित्रात बरेच बदल असल्याने अशा वेळी चौकटीचौकटींचे डाग उमटतात. म्हणून लांब फीत दोन तबकड्यांवर विभागणे योग्य असते.

दुसरा नेहमीचा दोष अर्धचित्रांच्या क्रमाचा. डीव्ही माहितीत खालचे अर्धचित्र प्रथम येते, तर अनेक परिवर्तक वरचे प्रथम देतात. संपीडनाच्या वेळी हा क्रम चुकल्यास स्थिर दृश्य ठीक दिसते, परंतु हालचाल झटके देत पुढेमागे होते. संपीडित माहितीचे प्रकरणांत विभाजन करून व सूचिपट जोडून ती ठराविक रचनेच्या संचिकांत बसविली जाते. तबकडी-लेखकातील ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या लेसर शलाकेने तबकडीतील कार्बनी रंजकाच्या थरावर खुणा उमटविल्या जातात. शेवटी लेखन पूर्ण करून तबकडी बंद केल्याशिवाय अन्य यंत्रांत ती सहसा चालत नाही.

टिकाऊपणा : डीव्हीडी ही पाहण्यासाठी सोयीची प्रत होय, ती मूळ ठेव्याची जागा घेऊ शकत नाही. संपीडनात गाळलेला तपशील पुन्हा मिळत नाही. शिवाय लेखनक्षम तबकडीतील रंजक ऊन, उष्णता व आर्द्रता यांमुळे बिघडतो. फितीवरील चित्र वर्षानुवर्षे हळूहळू फिके होते व खराब फितीवरही काहीतरी दिसते; तबकडीतील दोष मात्र त्रुटिनिवारक संकेतन झाकून घेते व त्याची मर्यादा ओलांडताच चित्र एकाएकी अडखळते वा बंद पडते. यासाठी मूळ डीव्ही माहिती, तसेच सदृश फितीचे अल्पसंपीडित अथवा हानिरहित संपीडन केलेले रूप, दोन वेगवेगळ्या संचयन साधनांवर व शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे, दरवर्षी उघडून तपासावे व काही वर्षांनी नव्या साधनांवर उतरवावे. फीतही फेकून देऊ नये. ती उभी, थंड व कोरड्या जागी, ध्वनिक्षेपक व चुंबक यांपासून दूर ठेवावी.

या कामाला कालमर्यादा आहे. व्हीएचएस यंत्रे बनविणाऱ्या फुनाई या जपानी कंपनीने २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन थांबविले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयाने, २०२५ पर्यंत अंकीकरण न झालेल्या फितींवरील ठेवा बहुतांशी कायमचा गमावला जाईल, असा इशारा २०१५ मध्ये दिला होता. ते वर्ष आता उलटले आहे. चालू स्थितीतील यंत्रे व ती दुरुस्त करणारे कारागीर विरळ होत आहेत. अशा वेळी सर्व फितींचे काम एकदम हाती घेण्याऐवजी ज्यांची दुसरी प्रत नाही, ज्यांतील माणसे आज नाहीत व ज्यांवर ओलाव्याच्या खुणा दिसतात, त्या फिती प्रथम घेणे योग्य होय. प्रत्येक संचिकेस प्रसंग, स्थळ, वर्ष व त्यातील व्यक्तींची नावे जोडावी लागतात. कारण चित्र टिकले, पण त्यातील माणसे ओळखणारे कोणी उरले नाही, तर जतनाचा हेतू अर्धाच साध्य होतो.