चालताना पाय भरून येतात तेव्हा

माण तालुक्यातले आमचे थोरले काका एकाहत्तर वर्षांचे आहेत. आठवड्याच्या बाजाराला पाच किलोमीटर सायकलने जातात, पिशवी हँडलला अडकवून परत येतात. पण घरापासून देवळापर्यंतच्या दोन-अडीचशे पावलांत त्यांना दोनदा बसावे लागे. एकदा पिठाच्या गिरणीच्या पायरीवर, एकदा पारावर. गावात चेष्टा सुरू झाली, की ज्याला सायकल चालवता येते त्याला चालायला काय झाले? काम टाळायचे सोंग आहे झाले! काका मला म्हणाले, "आरं, सायकलीवर बसलं की पायाला कायबी हुत न्हाई. खाली उतरून चाललं की मांड्या भरून येत्यात, पोटऱ्यांत मुंग्या. वाकून बसलं की गेलं."

श्रोतेहो, हे सोंग नव्हते. उलट, काकांच्या या तीन वाक्यांत रोगाचे निम्मे निदान होते. पाठीच्या कण्यातली नळी अरुंद होण्याचा हा विकार आहे. डॉक्टर त्याला स्पायनल स्टेनोसिस म्हणतात आणि आपल्याकडे त्याला सरसकट 'मणक्यात गॅप आहे' किंवा 'नस दबली आहे' असे म्हणून मोकळे होतात. यातला 'गॅप' हा शब्द तर अगदीच उलटा आहे. इथे फट पडलेली नसते, जागा कमी झालेली असते.

मणके एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या मागच्या बाजूने एक पोकळ नळी खालपर्यंत जाते. तिच्यातला मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. तेथून खाली मज्जातंतूंचा घोड्याच्या शेपटासारखा झुबका उतरतो व पायांकडे, लघवीच्या पिशवीकडे जातो. आता शेतातला पाट डोळ्यांसमोर आणा. वर्षानुवर्षे तळाशी गाळ बसतो, दोन्ही काठांचे गवत आत झुकते, आणि पाट होता तेवढाच लांब असूनही पाणी अडू लागते. नळीचेही तसेच होते. मणक्यांमधली चकती वयाबरोबर चपटी होऊन मागे फुगते, मागचे सांधे जाड होतात, त्यांना बांधणारा पिवळसर पट्टा सुटतो आणि आत सुरकुततो. क्वचित एक मणका दुसऱ्यावरून थोडा पुढे सरकतो. साठीनंतर हे पुष्कळांना होते.

सायकलीचे कोडे इथे सुटते. माणूस ताठ उभा राहिला, की कमरेचा बाक वाढून नळी आणखी आवळते. पुढे वाकला, की ती जराशी उघडते. सायकलीवर आपण वाकलेले असतो. म्हणूनच एखाद्या बाईला बसून खुरपण करता येते, पण नळाच्या रांगेत दहा मिनिटे उभे राहवत नाही. म्हणूनच चढापेक्षा उताराला त्रास अधिक. फळ्यापाशी उभे राहून शिकवणाऱ्या एखाद्या गुरुजींना तिसऱ्या तासाला टेबलावर ओणवे व्हावेसे वाटू लागले, तर वर्गाने हसू नये. उट्रेख्टचे डच शल्यविशारद हेंक व्हर्बिस्ट यांनी १९५४ साली अशा रुग्णांचे नीट वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून वैद्यकशास्त्र या दुखण्याकडे निराळा विकार म्हणून पाहू लागले.

सारखाच दिसणारा दुसरा विकार म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होणे. तंबाखू, विडी आणि मधुमेह ही त्याची नेहमीची कारणे. त्यात नुसते उभे राहिले तरी पोटरी सुटते, वाकावे लागत नाही. आणि सायकल चालवतानाही दुखते. डॉक्टर पायाची नाडी बोटांनी चाचपून पाहतात ती याचसाठी. ती चाचपलीच नाही, तर आपण होऊन विचारावे.

आता फोटोविषयी. एमआरआयच्या कागदावर 'तीव्र आकुंचन' असे शब्द वाचले की घरात रडारड सुरू होते. पण १९९० साली अमेरिकेत पाठदुखी कधीच न झालेल्या लोकांचे असे फोटो काढले, तेव्हा साठीच्या पुढच्यांपैकी साधारण पाचांत एकाची नळी अरुंद निघाली. त्यांना काहीच होत नव्हते! तेव्हा फोटो आणि त्रास यांचा मेळ बसतो की नाही हे पाहावे लागते. काकांना पहिल्या ठिकाणी सांगितले गेले, "आठ दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर पाय जातील." फोटो पाहिला, पाय तपासले नाहीत. काकांनी त्याच रात्री बांधालगतचे वीस गुंठे विकायचे बोलायला सुरुवात केली.

खरे म्हणजे हा विकार बहुधा सावकाश चालतो. कित्येकांचा त्रास वर्षानुवर्षे तेवढाच राहतो, काहींचा कमीही होतो. एकाएकी पाय जाणे विरळा. मात्र काही खुणा अशा आहेत, की तेथे एक दिवसही दवडू नये: लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, खोगिरावर बसतो त्या जागेला बधिरपणा येणे, पायातली शक्ती झपाट्याने कमी होणे. तसेच पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, तर क्षय किंवा अन्य कारण शोधलेच पाहिजे.

अशा खुणा नसतील तर विचार करायला वेळ असतो, आणि तो घ्यावा. पहिला उपाय व्यायामाचा. पाठीवर निजून गुडघे छातीशी घेणे, पोटाचे स्नायू बळकट करणे, सायकल चालवणे, आणि पाय भरून येण्याच्या थोडे आधीच बसून पुन्हा चालणे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १६९ रुग्ण होते. काहींना शस्त्रक्रिया देऊ केली, काहींना व्यायामोपचार. दोन वर्षांनी दोन्ही गटांची स्थिती जवळजवळ सारखी होती. पण पुढचे वाक्यही सांगितले पाहिजे. व्यायामाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे व्यायाम पुष्कळांना पुरतो, सर्वांना नाही.

गोळ्यांबद्दल माझे मत जरा कडक आहे. दुकानातून उठून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने घेतल्या, की जठराला व्रण पडतात, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडे खराब होतात. पाय दुखायचे राहतातच. नसांसाठी म्हणून देतात त्या प्रीगाबालिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हातारी माणसे पडतात. पायात उतरणाऱ्या कळेसाठी ही गोळी २०१७ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत खोट्या गोळीहून सरस ठरली नाही. आणि ज्या पुडीत काय आहे हे देणारा सांगत नाही, ती घेऊ नये. पाठीवर पाय देऊन मणका 'बसवून' घेणे तर मुळीच नको.

कण्यातल्या इंजेक्शनाची सध्या फार चलती आहे. २०१४ साली चारशे रुग्णांवर झालेल्या अमेरिकन चाचणीत निम्म्यांना स्टेरॉइड व भूल देणारे औषध मिळून दिले, निम्म्यांना नुसते भूल देणारे औषध. सहा आठवड्यांनी दोहोंत लक्षात घेण्याजोगा फरक नव्हता. कोणाला काही दिवस आराम पडतोही, परंतु त्यासाठी कर्ज काढू नये. मधुमेही माणसाची साखर स्टेरॉइडने काही दिवस चढते, हेही ध्यानात असावे.

शस्त्रक्रियेत नळीच्या मागचे हाड व जाड पट्टा काढून तंतूंना मोकळीक देतात. म्हणजे पाट उपसून काठ छाटायचे. पायाच्या दुखण्याला तिचा गुण चांगला येतो, कमरेच्या दुखण्याला तितका नाही. अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत पहिली दोन वर्षे शस्त्रक्रिया करून घेतलेले लोक अधिक सुखी दिसले. पुढे वर्षे गेली तसा हा फरक कमी होत गेला. तंतूंचे वेष्टण फाटणे, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी हे धोके थोडे, पण खरे आहेत. स्क्रू घालून मणके जोडण्याचा सल्ला मिळाला तर "स्क्रू कशासाठी?" असे अवश्य विचारा. स्वीडनमधल्या २०१६ च्या आणि नॉर्वेतल्या २०२१ च्या चाचण्यांत बहुतेकांना नुसती नळी मोकळी करून तेवढाच गुण आला. मणका फार हलत असेल तर गोष्ट निराळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय शेताचा सौदा करू नये.

दुसऱ्या डॉक्टरांनी काकांना टाचांवर चालवले, चवड्यांवर चालवले, पायाच्या नाड्या पाहिल्या आणि मग विचारले, "तुम्हाला काय करता आलं पाहिजे?" आम्हाला वाटले, काका देवळाचे नाव काढतील. ते म्हणाले, "रातच्याला लाइट आली की हिरीवर जाऊन मोटर चालू करता यावी. पोराला उठवाय नगं." विहीर घरापासून चारशे पावलांवर. सहा महिने व्यायाम, तेवढी पावले जमली नाहीत तर शस्त्रक्रिया, असे ठरले.

काकांनी गोठ्याच्या भिंतीवर खडूने आकडे मांडले. दोनशे दहा, दोनशे चाळीस, पावसाळ्यात पुन्हा एकशे ऐंशी, मग तीनशे. पाचव्या महिन्यात चारशे वीस झाली. मध्ये एकदा बांधावर टेकून. गुंठे अजून त्यांच्याच नावावर आहेत. पुढे काय होईल ते डॉक्टरांनीही सांगितलेले नाही. दर रविवारी सकाळी काका अंगणात टाचांवर दहा पावले चालून पाहतात. पंजा लोंबायला लागला, तर त्याच दिवशी या, असे त्यांना बजावले आहे.