व्हर्जिनिया की बीच : वेगळा ठेवलेला, जपलेला किनारा

कुठे : मायामी, फ्लोरिडा (अमेरिका)

ठिणगी : मे 1945. वकील लॉसन थॉमस यांच्या पुढाकाराने काही कृष्णवर्णीय नागरिक फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या हॉलोवर किनाऱ्यावर पाण्यात उतरले. अटक व्हावी आणि वर्णभेदाला कोर्टात आव्हान देता यावे, हा बेत होता. प्रशासनाने अटकच टाळली.

तोडगा : 1 ऑगस्ट 1945 रोजी व्हर्जिनिया की बेटावर ‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’ किनारा खुला झाला. हक्क मिळाला, पण वेगळेपणा कायम राहिला. 1947 मध्ये रिकनबॅकर कॉजवे होईपर्यंत तिथे होडीनेच जावे लागे.

बहर : मेरी-गो-राउंड, छोटी आगगाडी, सहली आणि धार्मिक मेळावे.

उतरण : 1982 मध्ये किनाऱ्यावरील हे उद्यान काउंटीकडून (जिल्हा प्रशासनाकडून) मायामी शहराकडे आले. देखभालीचा खर्च परवडत नसल्याचे सांगून ते लवकरच बंद करण्यात आले.

जतन : खासगी विकासाची चर्चा सुरू होताच नागरिक एकवटले. मायामीच्या पहिल्या कृष्णवर्णीय नगर आयुक्त अ‍ॅथली रेंज यांनी उद्यानाच्या ट्रस्टचे नेतृत्व केले. 2002 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत समावेश झाला; 2008 मध्ये उद्यान पुन्हा खुले झाले, या वेळी सर्वांसाठी.