मराठींत एक, इंग्रजींत दोन

इंग्रजी लिहितांना एका शब्दाच्या जागीं दुसरा पडतो, याचें मूळ पुष्कळदां इंग्रजींत नसून आपल्या मराठींत असतें, असें आम्हांस वाटतें. आपला एकच शब्द जेथें दोन इंग्रजी शब्दांचें काम करितो, तेथें विद्यार्थी हमखास फसतो.

सर्वांत धोक्याची जोडी 'डाउट' आणि 'सस्पेक्ट' ही होय. दोहोंसही आपण 'संशय' म्हणतों. समजा, वर्गांतील एक पुस्तक नाहींसें झालें. 'गोविंदानें तें नेलें असावें असा मला संशय आहे,' हें सांगूं पाहणारा मुलगा 'आय डाउट दॅट गोविंद टुक इट' असें म्हणतो. आणि अर्थ अगदीं उलटा होतो! गोविंदानें पुस्तक नेलें असेल असें मला वाटत नाहीं, अशी ती गोविंदाच्या बाजूची साक्ष ठरते. तेथें 'सस्पेक्ट' हवें होतें. उलटपक्षीं, मित्राची बाजू घेण्यास उठलेला मुलगा 'सस्पेक्ट' म्हणाला, तर निरपराध्यावर आळ येतो. म्हणून वाक्य आधीं मनांत मराठींत पुरें करावें. शेवटीं 'असावें' येत असेल तर 'सस्पेक्ट', 'नसावें' येत असेल तर 'डाउट'. शेक्सपिअरच्या काळीं 'डाउट' हा शब्द कधीं कधीं दुसऱ्या अर्थानेंही येत असे, हें खरें. परंतु आजच्या परीक्षकापुढें तो आधार चालावयाचा नाहीं.

'उसनें' या शब्दाचीही तीच गत. आपण उसनें घेतों आणि उसनेंच देतों. इंग्रजींत घेणें तें 'बॉरो' व देणें तें 'लेंड'. लेखणी मागतांना 'लेंड मी युअर पेन' असेंच म्हटलें पाहिजे.

'पासून' हें शब्दयोगी अव्यय तर थोरांसही चकवितें. पालकांनीं रागावूं नये, पण रजेच्या चिठ्ठ्यांत 'सिन्स थ्री डेज' वरचेवर आढळतें. 'सिन्स'ला आरंभाचा क्षण लागतो: सोमवार, सकाळचे 10, किंवा 1947 सालचा ऑगस्ट. किती काळ लोटला हें सांगावयाचें तर 'फॉर थ्री डेज'.

'फ्यू फ्रेंड्स' म्हणणाऱ्यास मित्र जवळजवळ नाहींत. 'अ फ्यू' म्हणणाऱ्यास थोडे कां होईना, आहेत. एका 'अ'चा एवढा प्रभाव!

आतां एक जोडी अशी, कीं जिचा दोष मराठीवर घालतां येत नाहीं. 'स्टेशनरी' हा उच्चार एक, पण शब्द दोन: एक 'स्थिर' या अर्थाचा, दुसरा लेखनसाहित्याचा. गंमत अशी, कीं दोन्ही एकाच घराण्यांतले आहेत. मध्ययुगीन युरोपांत विद्यापीठांच्या गांवीं फेरीवाल्यांप्रमाणें न हिंडतां एके जागीं दुकान मांडून बसणाऱ्या ग्रंथविक्रेत्यास 'स्टेशनर' म्हणत. त्याच्या दुकानचा माल ती 'स्टेशनरी'. लिहितांना पाकिटाची आठवण ठेवावी: पाकीट म्हणजे 'एन्व्हलप', त्याचें पहिलें अक्षर 'ई', आणि लेखनसाहित्याच्या 'स्टेशनरी'त शेवटून तिसरें अक्षर तेंच असतें. स्थिर असणाऱ्या 'स्टेशनरी'त त्या जागीं 'ए' बसतो.